टाळ्या आणि देवघेवीची वही

तालुक्याच्या गावातील एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अहवाल सहज उघडून पाहावा. सुरुवातीला संस्थापकांची छायाचित्रे, मग अध्यक्षांचे मनोगत आणि त्यानंतर पानेच्या पाने 'उपक्रम'. शारदीय व्याख्यानमाला, कोजागरीचे कविसंमेलन, वक्तृत्व आणि निबंध स्पर्धा, दिवाळी अंकांचे प्रदर्शन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, महिलांसाठी पाककला स्पर्धा, आणि जमल्यास एखादे नेत्रतपासणी शिबिर. वर्षभरात किती पुस्तके वाचकांच्या घरी गेली, हा आकडा मात्र शोधावा लागतो. तो असलाच तर जमाखर्चाच्या अलीकडच्या पानावर एका ओळीत असतो. त्या ओळीशेजारी छायाचित्र नसते.

वाचनालयाची स्तुती करताना आपण हल्ली 'उपक्रमशील' हे विशेषण वापरतो. ते वाईट नाही. ज्या गावात संध्याकाळी सात वाजता बाजारपेठ आणि दूरचित्रवाणी यांखेरीज काही नसते, तेथे शे-दोनशे माणसांना एका सभागृहात बसवून दीड तास मराठी ऐकवणे हे सोपे काम नव्हे. ते करणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी मला आदर आहे. पण उपक्रम आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गेल्या काही दशकांत आपण पहिलीला दुसरीची जागा घेऊ दिली आहे, असे माझे मत आहे. उपक्रम प्रासंगिक असतो, सेवा नित्याची. उपक्रमाला पाहुणा लागतो. सेवेला रोज ठरल्या वेळी कुलूप उघडून बसणारा, आलेल्या वाचकाला नावाने ओळखणारा माणूस लागतो. पाहुणा मिळवणे अवघड नाही. असा माणूस टिकवणे फार अवघड झाले आहे.

मुळात व्याख्यान आणि वाचनालय ही आपल्याकडची जुळी भावंडे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. पुण्यात १८४८ मध्ये लोकहितवादींच्या सहभागाने 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' उभी राहिली, तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. दुसरीकडे न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. एकोणिसाव्या शतकातील या दोन्ही संस्थांचा आश्रयदाता एकच होता, तो म्हणजे नव्याने शिकलेला, संख्येने लहान पण जिज्ञासू असा मध्यमवर्ग. व्याख्यानाला येणारा आणि पुस्तक नेणारा माणूस तेव्हा बहुतेक वेळा एकच असे. त्यामुळे ऐकण्यापासून वाचण्यापर्यंत जाणारा पूल मुद्दाम बांधण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. साक्षरता वाढली, शिक्षण खेड्यापाड्यांत गेले, आणि व्याख्यानाला येणारा श्रोता पुस्तके नेणारा सभासद असेलच असे राहिले नाही. त्याने वक्त्याचे भाषण मन लावून ऐकलेले असते. चांगल्या वाक्यांना दाद दिलेली असते. पण ज्या लेखकावर भाषण झाले, त्याची पुस्तके त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कपाटात आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांगितले असते तरी उपयोग नव्हता, कारण भाषण संपते तेव्हा ग्रंथालय बंद झालेले असते. ग्रंथपालच सभागृहात खुर्च्या मांडत असतो. पूर्वी जो पूल आपोआप होता, तो आता बांधावा लागेल, हे आपल्या लक्षात आलेले नाही.

सेवा म्हणजे काय, याचा विचार या देशात नव्याने करण्याची आवश्यकता नाही. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पुस्तके जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे, आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था आहे, असा त्यांचा आशय. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपण 'ग्रंथपाल दिन' म्हणून साजरा करतो, म्हणजे त्याचाही एक उपक्रम केला आहे. पण या पाच कसोट्या आपल्या गावच्या वाचनालयाला लावून पाहाव्यात. कपाटांना कुलूप असेल, वाचकाने यादीतून क्रमांक शोधून चिठ्ठी द्यायची आणि खिडकीपाशी उभे राहायचे अशी पद्धत असेल, तर पहिला सिद्धांत तेथेच अडतो. आपल्याला कोणते पुस्तक हवे आहे हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याच्यासाठीच ही खिडकी आहे. नव्या वाचकाला ते माहीत नसते. त्याला पुस्तके हाताळावी लागतात, चार पाने चाळावी लागतात, एक घ्यायला जाऊन दुसरेच घेऊन यावे लागते. मुक्तद्वार पद्धती ही काही चैनीची गोष्ट नव्हे. वाचक घडण्याची ती पहिली अट आहे.

याबाबतीत मराठी माणसाला लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि संपूर्ण संस्थानासाठी ग्रंथालयांची रचना उभी केली. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. गावोगाव लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे आणि चित्रपट दाखवणारी एक शाखाही होती. म्हणजे आज ज्याला आपण उपक्रम म्हणू, तोही तेथे होताच. पण चित्रे दाखवणारी शाखा आणि पेट्या पाठवणारी शाखा एकाच ग्रंथालय खात्याच्या होत्या. ज्या खात्याने गावात पडदा लावायचा, त्याच खात्याने त्या गावात पुस्तकेही पोचवायची, अशी ती घडी होती. आपल्याकडे पडदा लागतो. पेटीचे काय झाले, हे विचारणारे कोणी नसते.

असे का झाले, याचे उत्तर कार्यकर्त्यांच्या वृत्तीत शोधणे अन्यायाचे होईल. त्याचे बरेचसे उत्तर हिशेबात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी होते आणि त्यावर वार्षिक अनुदान ठरते. खेड्यांतली बहुसंख्य वाचनालये खालच्या वर्गांत मोडतात. ड वर्गाच्या वाचनालयाला २०२२ पर्यंत वर्षाला ३० हजार रुपये मिळत असत. त्या वर्षी शासनाने ६० टक्के वाढीचा निर्णय घेतला आणि ही रक्कम ४८ हजार झाली. बारा महिन्यांत विभागली तर ती महिन्याला चार हजार पडते. यात ग्रंथपालाचे मानधन, पुस्तके, वृत्तपत्रे, वीज आणि जागेची देखभाल. चारशे पानांची एखादी मराठी कादंबरी आज चारशे-पाचशे रुपयांना मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे ग्रंथपालाच्या हातात काय पडत असेल आणि कपाटात काय पडत असेल, याची कल्पना येते.

आपल्या कायद्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर नाही. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात तो होता, आणि केरळात आजही इमारत करावर पाच टक्के ग्रंथालय अधिभार आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता, म्हणजे या देशातील अशा कायद्याचा मान मराठी मुलखाकडे जातो. असे असूनही येथील ग्रंथालये दरवर्षी शासनाच्या तरतुदीकडे डोळे लावून बसतात.

अशा स्थितीत संचालक मंडळ देणगीदाराकडे जाते. देणगीदार सज्जन असतो, पण त्याला आपली देणगी दिसावी असे वाटते. व्याख्यानमालेला दिवंगत मातापित्यांचे नाव देता येते. स्पर्धेच्या ढालीवर नाव कोरता येते. व्यासपीठामागच्या फलकावर छायाचित्र छापता येते. ग्रंथपालाच्या वाढीव मानधनावर मात्र कोणाचेच नाव कोरता येत नाही. म्हणून उपक्रमाला पैसा मिळतो आणि सेवेला मिळत नाही, आणि ज्याला पैसा मिळतो ते वाढत जाते. यात कोणाचा कट नाही. पण परिणाम तोच होतो.

याच ओघात अभ्यासिकेविषयीही बोलले पाहिजे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आज अनेक वाचनालयांच्या इमारती सकाळपासून रात्रीपर्यंत भरून टाकतात. जुन्या सभासदांना हे रुचत नाही. वाचनालयाचे आता वसतिगृह झाले, असे ते म्हणतात. ही तक्रार मला मान्य नाही. ज्या मुलाच्या घरी एक खोली आणि पाच माणसे आहेत, त्याला दिवा, पंखा, टेबल आणि शांतता देणे ही सार्वजनिक ग्रंथालयाची अस्सल सेवा आहे. खेद वेगळ्याच गोष्टीचा आहे. ही मुले वर्षानुवर्षे त्या इमारतीत बसतात आणि भिंतीपलीकडच्या कपाटांशी त्यांचा संबंध येत नाही. आपापली मार्गदर्शके आणि प्रश्नसंच घेऊन ती येतात, अभ्यासिकेचे शुल्क भरतात आणि जातात. अनेक ठिकाणी अभ्यासिकेचा सभासद वेगळा आणि ग्रंथालयाचा सभासद वेगळा अशा दोन वह्या असतात. ज्या संस्थेला तरुण वाचक मिळत नाही म्हणून चिंता वाटते, तिच्याच छपराखाली पन्नास तरुण रोज बारा तास बसलेले असतात. त्या दोन वह्यांची एक वही करायला शासननिर्णय लागत नाही.

आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवणारी माणसे या प्रश्नाकडे आणखी एका बाजूने पाहतो. आमच्या वर्गांत मुलींची संख्या मोठी असते. तीन वर्षे किंवा पाच वर्षे त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून पुस्तके नेतात. अभ्यासक्रमातील नेतात आणि गोडी लागली की अभ्यासक्रमाबाहेरचीही नेतात. मग परीक्षा संपते. दाखला घेण्यासाठी ग्रंथालयाचे ना-देय प्रमाणपत्र लागते. विद्यार्थिनी शेवटचे पुस्तक परत करते, ग्रंथपाल शिक्का मारतो, आणि तिच्याकडे ग्रंथालयाचे काही देणे राहिले नाही असे लेखी मिळते. ग्रंथालयाचेही तिच्याकडे काही देणे राहिले नाही, असा त्याचा दुसरा अर्थ होतो. त्यानंतर तिचे लग्न होते किंवा ती एखाद्या दुकानात, शाळेत, दवाखान्यात नोकरीला लागते. तिला पुन्हा पुस्तक हातात घ्यायचे असेल तर तिच्यासाठी एकच संस्था उरते, ती म्हणजे तिच्या नव्या गावातील सार्वजनिक वाचनालय.

ते वाचनालय तिला काय देते? वाचनालयाची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते आठ असेल, तर या दोन्ही वेळा स्वयंपाकाच्या आहेत. प्रवेशासाठी अनामत आणि ओळखीच्या सभासदाची शिफारस लागत असेल, तर नव्या गावात तिची ओळख कोणाशी? दाराजवळच्या वृत्तपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त पुरुषांची बैठक असेल, तर तिच्या मनात संकोच असणार. वर्षातून एकदा तिच्यासाठी हळदीकुंकू आणि पाककला स्पर्धा होते. त्या दिवशी ती येते, बक्षीसही मिळवते. पण जी मुलगी कालपर्यंत कादंबरीवर निबंध लिहीत होती, तिला ग्रंथसंस्थेने पाककृतीसाठीच बोलवावे, हे मला विसंगत वाटते. केरळात स्त्रियांना घरपोच पुस्तके देण्याची योजना ग्रंथालयांनी राबवली. पुस्तकांची पिशवी घेऊन एक बाई दारोदार जाते, जुनी पुस्तके घेते, नवी देते. यात व्यासपीठ नाही, सत्कार नाही, आणि तिचे छायाचित्रही कोठे छापून येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लोक आता मोबाइलमध्ये गुंतले आहेत, पुस्तके नेणारे उरलेच नाहीत, निदान कार्यक्रमांमुळे चार माणसे इमारतीत पाऊल तरी टाकतात, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. जेथे पुस्तक वाचकाकडे चालत गेले, तेथे वाचक भेटल्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना २००९ मध्ये सुरू झाली. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे द्यायची आणि काही काळाने ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, एवढी साधी तिची कल्पना. ती महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही गेली. भिलार या महाबळेश्वर तालुक्यातील गावात ४ मे २०१७ पासून लोकांच्या घरांतून पुस्तके मांडली गेली. कोणीही यावे, बसावे, वाचावे. या दोन्ही ठिकाणी कुलूप नाही आणि खिडकी नाही. माणसे वाचत नाहीत असा निष्कर्ष काढण्यापूर्वी पुस्तके त्यांच्या हाताला लागतील अशी होती का, हे आपण तपासले पाहिजे.

मग वाचनालयांनी उपक्रम बंद करावेत काय? मुळीच नाही. त्यांनी प्रत्येक उपक्रमाला पुस्तकाची गाठ मारावी. वक्त्याला निमंत्रण देताना त्याच्याकडून विषयाशी संबंधित आठ-दहा पुस्तकांची नावे मागवावीत आणि त्यांतली संग्रहात असलेली बाहेर काढावीत. व्याख्यानाच्या दिवशी सभागृहाच्या दारात एक टेबल मांडावे, त्यावर ती पुस्तके ठेवावीत, आणि भाषण संपल्यावर अर्धा तास देवघेव सुरू ठेवावी. जो सभासद नाही त्याला तेथेच सभासद करून घ्यावे. वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलांना ढालीऐवजी वर्षभराचे बालविभागाचे सभासदत्व द्यावे. ढाल घरात धूळ खाते, सभासदत्व मुलाला पुन्हा पुन्हा वाचनालयात आणते. दिवाळी अंकांचे प्रदर्शन संपले की ते अंक बांधून माळ्यावर न टाकता अभ्यासिकेच्या टेबलांवर ठेवावेत. निदान एक कपाट, नव्या पुस्तकांचे, उघडे ठेवावे. आठवड्यातून दोन दिवस दुपारी दोन ते चार या वेळेत वाचनालय उघडावे, आणि त्या वेळी काउंटरवर शक्यतो एखादी बाई असावी. यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. ज्यांना लागतो, त्यांच्यासाठी देणगीदाराला एवढेच सांगावे की यंदा आपल्या मातोश्रींच्या नावाने व्याख्यान नको, घरपोच पुस्तके नेणाऱ्या बाईचे वर्षाचे मानधन द्या. पिशवीवर मातोश्रींचे नाव घालू. देणगीदार समजतो त्याहून अधिक समंजस असतो.

शासनाचा वाटा याहून मोठा आहे आणि तो टळू नये. ग्रंथपालाला जगता येईल असे वेतन दिल्याशिवाय सेवेविषयीची सारी चर्चा पोकळ ठरते. जो माणूस संध्याकाळी वाचनालय बंद करून दुसऱ्या कामाला पळतो, त्याच्याकडून वाचकाला वाट दाखवण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर ठिकठिकाणी सत्कार झाले, व्याख्याने झाली, वाचनालयांनीही ती केली. ती योग्यच होती. पण भाषेचे अभिजातपण ज्या ग्रंथांवर सिद्ध झाले, ते ग्रंथ वाचनालयात आहेत आणि ते वाचकाला काढून देणारा माणूस महिन्याकाठी काही हजारांवर काम करतो, ही गोष्ट त्या समारंभांत फारशी कोणी उच्चारली नाही.

येत्या वार्षिक सभेपुरती एक लहानशी सूचना करावीशी वाटते. अहवालाच्या पहिल्या पानावर तीन आकडे छापावेत. या वर्षी किती पुस्तके घरी गेली, नवे सभासद किती झाले आणि त्यांत स्त्रिया व मुले किती, आणि ज्यांनी गेल्या वर्षी पुस्तके नेली पण यंदा एकही नेले नाही असे सभासद किती. उपक्रमांची यादी त्यानंतर खुशाल यावी. सभासदांनी सभेत या तीन आकड्यांवर प्रश्न विचारावेत, विशेषतः तिसऱ्यावर. त्या न आलेल्या सभासदांची नावे वहीत असतात, पत्तेही असतात. त्यांच्यापैकी दहा जणांच्या घरी जाऊन पुस्तक का नेले नाही एवढे विचारून यावे. असे घडले तर तो त्या वाचनालयाचा त्या वर्षातला सर्वांत चांगला उपक्रम ठरेल.